उस्ताद, मी बघितलं होतं

दस्तगीर उस्ताद, तुम्ही गेल्याचं मला गॅरेजमध्ये कळलं. ऑईल बदलायला गाडी नेली होती. मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला आणि फडक्याला हात पुसत म्हणाला, "वैनी, तुमचा उस्ताद गेला की. मंगळवारी. दारातच पडला म्हणं." मी विचारलं, "कुठला उस्ताद?" कळलं नव्हतं असं नाही. तोंडातून तसं निघून गेलं.

माती होऊन दोन दिवस झाले होते. आधी कळलं असतं तर आले असते का, तेही ठाऊक नाही. शिष्यीण म्हणून येण्याचा हक्क मी तीन वर्षांपूर्वीच घालवला. नव्या पेठेत, आमच्या दुकानाच्या पायरीवर. ज्यांनी तो प्रकार बघितला त्यांच्यातला कुणीही मला तुमच्या बाजूचं म्हणणार नाही. त्यांचं चुकतही नाही.

आमच्या ह्यांना फिट येते. हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय. तुम्हाला ते मी कधी सांगितलं नाही, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत.

पहिली फिट आली तेव्हा आम्ही मंद्रूपहून, माझ्या माहेरून, परत येत होतो. गाडी हे चालवत होते. सहा वर्षांची विजया माझ्या मांडीवर झोपली होती. बोलता बोलता हे थांबले. मी बघितलं तर मान एकीकडं ओढलेली, डोळे उघडे, आणि पाय ॲक्सिलरेटरवर ताठ. गाडी रस्ता सोडून ज्वारीत घुसली आणि काळ्या मातीत रुतली म्हणून थांबली. ज्वारीची ताटं काचेवर फटाफट आपटत होती, तो आवाज मी अजून विसरले नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एकच गोष्ट दोनदा सांगितली: स्टिअरिंगला पुन्हा हात लावायचा नाही.

पण माझ्या नणंदेचं, शकुंतलेचं, तेव्हा जमत आलं होतं. घरात फिटचा आजार आहे एवढं जरी बाहेर गेलं असतं तरी पाहुणे परत फिरले असते. म्हणून सासूबाईंनासुद्धा चक्कर म्हणूनच सांगितलं. ह्यांचा धंदा ठोक कापडाचा. आज टेंभुर्णी, उद्या अक्कलकोट, परवा मंद्रूपचा बाजार. गाडी एकाएकी सोडली असती तर सगळ्या पेठेनं कारण विचारलं असतं. तेव्हा मीच म्हटलं, मी शिकते. सगळ्यांना सांगू, बायकोला हौस आली. हे हसले. "दोन महिने काही झालेलं नाही," म्हणाले, "आणि होणारही नाही. पण शीक."

शिकवणारा निवडायचा म्हणजे काय अडचण होती, ते तुम्हाला आता सांगते. तेव्हा सांगता येत नव्हतं. आधी मी गाडीवर मोठी पाटी लावून फिरणाऱ्या एका शाळेत गेले. तो माणूस काळा चष्मा घालून बसायचा. पंधरा दिवसांत लायसन्स हातात देतो म्हणाला, आणि पहिल्याच दिवशी गियर दाखवायच्या निमित्तानं माझ्या हातावर हात ठेवून बसला. वर प्रत्येक चौकात एकच चौकशी, "मालक असताना तुम्हाला कशाला ही दगदग?" दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही. मग ह्यांचे मावसभाऊ आपणहून तयार झाले. माणूस चांगला, पण त्यांच्या कानात सकाळी पडलेलं दुपारपर्यंत बाळीवेशीला पोचायचं. त्यांना मी, मुहूर्त बघते, असं सांगून टाळलं.

तुमचं नाव गॅरेजमधल्या ह्याच मेकॅनिकनं सांगितलं. बावीस वर्षं ट्रकवर, मग डावा गुडघा गेला म्हणून ट्रक सोडला, आता शिकवतात, फार बोलत नाहीत. ते शेवटचं ऐकून मी विजापूर वेशीजवळ तुमचं घर शोधत आले. तुम्ही दारात खाटेवर बसला होता. खाकी शर्ट, गळ्याला रुमाल, आणि तो न वाकणारा पाय समोर लांब सोडलेला. मी विचारलं, किती दिवसांत शिकवाल?

"ते तुमचा ब्रेकवरचा पाय सांगंल," तुम्ही म्हणालात. मग मलाच विचारलंत, "हौस हाय का गरज?"

"हौस."

"मग दुसरीकडं जावा. हौसेवाल्यांना मी शिकवत न्हाय. मधीच सोडत्यात."

मी उठले, चपला घातल्या. मग वळून म्हटलं, "गरज आहे."

तुम्ही कसली गरज म्हणून विचाराल आणि मी खोटं सांगेन, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तुम्ही विचारलंच नाही. "उद्या सहाला, होम मैदान," एवढंच म्हणालात. मी तुम्हाला निवडलं ते तिथं, दारात, त्या न विचारण्यासाठी.

पहिले आठ दिवस तुम्ही मला फक्त थांबायला शिकवलंत. चालवायचं कमी, थांबायचं जास्त. मैदानात एक वीट ठेवायची आणि तिच्या अलीकडं हातभर अंतरावर गाडी उभी करायची. मी कंटाळून म्हणायची, "उस्ताद, गियर कधी?" तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणायचात, "वीट पडली बघा." तुमचा उजवा हात कायम हँडब्रेकवर. स्टिअरिंगला मात्र तुम्ही कधी हात लावला नाहीत. मी चुकत असले तरी नाही. "ते तुमचं हाय," म्हणायचात. तोवर कुणी मला अमुक तुमचं आहे असं सांगितलेलं नव्हतं. त्यासाठी तुमचे आभार मानायला हवे होते. मानले नाहीत.

मग एका रविवारी हे म्हणाले, मीही येतो. बघू काय शिकलीस. विजापूर रस्त्यानं जाताना मी चालवली. परत फिरताना ह्यांनी किल्ली मागितली. "जरा हात मोकळा करतो." मी तुमच्याकडं बघितलं. तुम्हाला काय ठाऊक असणार? तुम्ही निमूट डावीकडं बसलात, मी मागं. मला त्याच वेळी बोलता आलं असतं. बाराव्या मैलापर्यंत मी ह्यांच्या मानेकडं बघत बसले होते. मान सरळ आहे, सरळ आहे, असं मनात म्हणत.

समोरून कडब्याच्या दोन गाड्या येत होत्या, एकामागं एक. पहिल्या गाडीवर कडब्याच्या वर एक बाई बसली होती, तिच्या हातात पितळी डबा होता. आणि ह्यांची मान वळली.

मी किंचाळले. तुम्ही नाही. तुम्ही एका हातानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलंत आणि दुसऱ्यानं हँडब्रेक ओढलात. मग ज्याला कधी हात लावला नव्हतात त्या स्टिअरिंगवर अख्खं अंग टाकलंत. गाडी आडवी फिरली. कडब्याची पेंढी माझ्या खिडकीला घासत गेली. ती बाई वरून खाली, अगदी माझ्या तोंडाकडं बघत होती. गाडी थांबली तेव्हा बैलांचा श्वास काचेवर येत होता.

तुम्ही ह्यांना कुशीवर वळवलंत. गळ्याचा रुमाल काढून तोंड पुसलंत. कुणी शिकवलं होतं तुम्हाला ते? गाडीवान धावत आला तर तुम्ही त्याला म्हणालात, "काय न्हाय, मालकांना उनाची भोवळ आली." सकाळचे आठसुद्धा वाजले नव्हते. 

पाच-दहा मिनिटांनी हे भानावर आले आणि म्हणाले, "डोळा लागला की काय?" तुम्ही त्यांना मागं नेलंत. मला पुढं बसवलंत. घरापर्यंत गाडी मीच आणली. घराशी उतरल्यावर तुम्ही मला बाजूला घेतलंत.

"हे पयलं का?"

"हो," मी म्हटलं.

"मग गरज कशाची व्हती, वैनी?"

मी घराकडं वळले. तुम्ही आवाज आणखी खाली आणलात. "किल्ली काढून घ्या त्यांच्याकडनं. सासूबाईंना सांगा, कुणाला बी सांगा. पर घ्या."

"नणंदेचं लग्न आहे, उस्ताद. महिना राहिला. तेवढा महिना जाऊ द्या."

"लग्न म्हैन्यानं हाय. रस्त्यावर माणसं आजच हायत की."

मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसला. मी म्हटलं, "तुम्ही गाडी शिकवायला येता. तेवढंच शिकवा." तुमचा चेहरा बदलला नाही. तुम्ही मान हलवलीत आणि पाय ओढत निघून गेलात. मला वाटलं, आता येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सहाला तुम्ही आमच्या दारात, गाडीपाशी हजर होतात.

त्या दिवसापासून गाडी बिघडली. म्हणजे सकाळी आपली शिकवणी व्हायची तेव्हा एका फटक्यात सुरू व्हायची. दहाला हे बसले की नुसती घरघर. हे वैतागायचे, बस पकडून टेंभुर्णीला जायचे. तुम्हाला विचारलं तर "बघतो," म्हणायचात. शिकवणीच्या आधी आणि घराशी परत आल्यावर तुम्ही बॉनेट उघडून पाणी-ऑईल बघायचात, ते रोजचंच होतं. तिसऱ्या दिवशी मी उतरून पुढं आले. तुम्ही डिस्ट्रिब्यूटरचं टोपण उघडलं होतं आणि आतून अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा काढून रुमालात गुंडाळत होतात. रोटर. तो नसला की इंजिनाला ठिणगी पोचत नाही, हे मला तुम्हीच आदल्या आठवड्यात शिकवलं होतं. तुम्ही वर बघितलंत. मी बघितलंय हे तुम्ही बघितलंत. रुमाल शर्टाच्या खिशात गेला, आणि मी वळून घरात गेले.

पुढचे नऊ दिवस मी सुखानं झोपले, उस्ताद. हे बसनं जात होते, कुणी विचारलं तर गाडी नादुरुस्त. माझ्या वाट्याचं काम तुम्ही खिशात घेऊन फिरत होतात.

दहाव्या दिवशी ह्यांनी दुसऱ्याच एका मेकॅनिकला दुकानापाशी बोलावलं. गाडी ओढत आणली होती. त्यानं दोन मिनिटांत सांगितलं, रोटर काढलाय, आणि कुणीतरी माहितगारानं काढलाय. हे दुकानात होते, मीही होते. शकुंतलेच्या सासरची माणसं बस्ता बांधायला यायची होती म्हणून साड्या मी दाखवणार होते. नवऱ्या मुलाचे काका गादीवर येऊन बसलेही होते, चहाची कपबशी हातात. तुम्हाला ह्यांनी निरोप पाठवून बोलावून घेतलं. तुम्ही आलात. तीन पायऱ्या चढायला तुम्हाला वेळ लागायचा.

"उस्ताद, गाडीतला रोटर कुठाय?"

तुम्ही खिशातून रुमाल काढलात, उघडून हातावर धरलात.

"हौ. मीच काढला."

"का?"

तुम्ही एकदा माझ्याकडं बघितलंत. एकदाच. माझ्या हातात इरकलीची घडी होती, पदराची बाजू वर. काका चहा प्यायचे थांबले होते. माझ्या ओठांवर आलं होतं, अगदी इथपर्यंत: त्यांनी तुमचा जीव वाचवलाय, माझ्या मुलीचा बाप वाचवलाय. पण ते म्हटलं असतं तर पुढचं वाक्यही म्हणावं लागलं असतं, आणि ते ऐकायला काका बसले होते.

"काढला," तुम्ही म्हणालात. त्याच्यापुढं एक शब्द नाही. तुम्हाला सांगता आलं असतं. सांगितलं असतंत तर सुटला असतात.

शेजारच्या दुकानातून मल्लप्पाशेठ धावत आले होते. त्यांनी तुमची गचांडी धरली. "बाईमाणूस बघून पार्ट चोरतोस व्हय रे?" तुमच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे. धक्का फार जोराचा नव्हता, असं मी पुढं कितीदा मनाशी म्हटलं. पण तुमचा गुडघा वाकत नव्हता. तुम्ही तिन्ही पायऱ्यांवरून खाली गेलात. पेठेतली माणसं थांबली, एक रिक्षा थांबली. तुम्ही रस्त्यावर हात टेकून, एक पाय सरळ ठेवून, आधी कमरेतून उठलात आणि मग उभे राहिलात. कुणी हात दिला नाही. मीही नाही. मी ती इरकली काकांसमोर उलगडली आणि म्हटलं, "हा रंग शकुंतलेला उठून दिसेल."

माझा आवाज कापला नाही. ह्याचंच मला भय वाटतं.

त्या संध्याकाळी घरी मी ह्यांच्यापुढं हात केला. किल्ली मागितली. म्हटलं, ही आत्ता मिळाली नाही तर उद्या काकांना मी स्वतः जाऊन सांगते, लग्न मोडलं तर मोडू दे. मी ते केलं असतं का, देव जाणे. ह्यांना मात्र ते खरं वाटलं. ह्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि हुंदका दिला. तिथपासून आजपर्यंत हे स्टिअरिंगपुढं बसलेले नाहीत. टेंभुर्णी, अक्कलकोट, मंद्रूप, सगळीकडं मी नेते. तुम्हाला जे हवं होतं ते झालं, उस्ताद. फक्त पेठेत पार्ट चोरणारा माणूस म्हणून तुमचं नाव झालं आणि तुमच्याकडं शिकायला कुणी येईना. तुम्ही सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला लागलात हे मी ऐकलं होतं.

लायसन्स मिळाल्यावर मी तुमच्याकडं आले होते, आठवतं? क्षमा मागायला निघाले होते. दारात तुम्हाला बघितलं आणि भलतंच बोलून गेले. "उस्ताद, रोटर काढायच्या आधी मला एकदा विचारायला हवं होतंत."

तुम्ही म्हणालात, "तुमी बघितलं व्हतं की, वैनी."

बस्. त्यात राग नव्हता. मला राग हवा होता, त्याला उत्तर देता आलं असतं. मी लायसन्स पुढं केलं. तुम्ही ते उलटसुलट बघितलंत, परत दिलंत, आणि गाडीकडं बोट करून म्हणालात, "डाव्या पुढच्या चाकात हवा कमी हाय." मी हवा भरायला निघून गेले. त्यानंतर तुमच्या दारावरून कितीदा गाडी नेली असेल. दरवेळी वाटायचं, पुढच्या वेळी थांबू.

काल सकाळी थांबले. तुमच्या बीबी, हुसेनबी, आत चटईवर बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, फिट, रोटर, काका, इरकल. सांगताना रडले. त्या रडल्या नाहीत. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "मेरेकू कायकू बोलते, बाई? मेरेकू मालूम हाय. उनो उसीच दिन बोले थे. जिनकू नै मालूम, उनकू बोलो."

मी तिथून सरळ नव्या पेठेत गेले. अकराची गर्दी होती. आमच्या दुकानात शिरले नाही, शेजारच्या पायऱ्या चढले. मल्लप्पाशेठ गिऱ्हाइकाला धोतरजोडी दाखवत होते, दोन-चार माणसं बसली होती. मी उभ्यानंच सुरुवात केली. "शेठ, दस्तगीर उस्ताद गेले. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या खिशात जो रोटर सापडला तो त्यांनी चोरला नव्हता. काढून ठेवला होता. आमच्या ह्यांनी गाडी चालवू नये म्हणून."

"का बरं?"

इथं मी अडले. ते सांगायचा हक्क माझा एकटीचा नव्हता. माझा आवाज ऐकून हे आपल्या दुकानातून बाहेर आले होते आणि खाली रस्त्यावर उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. शकुंतलेला आता मूल आहे, तरी तिच्या सासरी आजही हे कळलेलं नाही. हे वळून आत जातील असं मला वाटलं.

हे पायऱ्या चढून वर आले. "मला फिट येते, शेठ," म्हणाले. "त्या दिवसाच्या आधी विजापूर रस्त्यावर आली होती. उस्ताद नसते तर मी मेलो असतो, दुसऱ्यालाही मारलं असतं."

धोतरजोडी तशीच उघडी राहिली. गिऱ्हाईक कधी ह्यांच्याकडं बघत होतं, कधी माझ्याकडं. मल्लप्पाशेठ हळूच गादीवर टेकले. त्यांचं वय झालंय आता. ते म्हणाले, "मी त्याची गचांडी धरली व्हती. खाली ढकलला मी त्याला. तुमी दोघं तितंच व्हता की. वैनी, तुमी तरी का बोलला न्हाय?"

हे काहीतरी सांगायला लागले, बहिणीचं लग्न, पाहुणे बसलेले. ते खरंच होतं आणि शेठना पटलंही असतं. मी ह्यांच्या हाताला धरून त्यांना थांबवलं.

"मी भ्याले, शेठ," मी म्हटलं.